चुना भिजायचे दिवस

ते छत खरबरीत करून घेणारा मीच होतो, हे आधी सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. तंजावरच्या कोटाबाहेर, कालव्याच्या अंगाला मी घर बांधत होतो. त्याआधी बारा वर्षं मी सायकलच्या मागे पितळी भांड्यांची चळत बांधून पार पापनाशमपर्यंतची गावं पालथी घातली होती. जुनं भांडं घ्यायचं, नवं द्यायचं. आमच्या मराठी लोकांत कुणी शाळामास्तर, कुणी तालुका कचेरीत कारकून. सायकलवर भांडी विकणारा मी एकटाच. लग्नकार्यात मला पंगतीच्या शेवटाला, खरकट्याच्या वाटेजवळ बसवत. पुढे दुकान झालं. आमच्याकडे ज्याला एव्हरसिल्वर म्हणतात ते स्टील बाजारात आलं, आणि पंगतीतली माझी जागा हळूहळू वर सरकली. पण शेवटाला बसलेला माणूस ते विसरत नाही. मला घर असं हवं होतं की आत पाऊल टाकणाऱ्याने मान वर करावी.

तिरुच्चीला एक नवीन सिनेमागृह झालं होतं. लोक पडद्याकडे बघत होते, मी छताकडे. सिमेंटचा लगदा फेकून मारलेला, आणि तो तसाच टोकं काढून वाळलेला. परत आल्यावर मी गवंड्याला म्हटलं, "माझ्या हॉलला असंच पाहिजे."

गवंड्याला तिकडे कोत्तनार म्हणतात. हा कोत्तनार वयाने माझ्याएवढाच, हाताने चांगला आणि बोलायला मंद. तो म्हणाला, "मुदलाळी, ते थेटरात आवाज घुमू नये म्हणून करतात. घरात धूळ बसेल." मुदलाळी म्हणजे मालक. या शब्दाची मला तेव्हा नवी नवी गोडी होती. मी म्हटलं, "धूळ माझी, छत माझं, तू लगदा फेक." त्याने फेकला.

गृहप्रवेशाला बायकोचे थोरले भाऊ तिरुवैयारुहून आले. तिथल्या देवळाच्या कचेरीत ते दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करत. वर बघून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "जावईबापू, तिकिटं केव्हांपासून विकणार?" पंगतभर हशा पिकला. बायकोही हसली, आणि पुढे म्हणाली, "मला तर सोजी उतू गेल्यासारखी दिसते." त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी तिला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर नऊ वर्षं तिने त्या छताबद्दल एक अक्षर काढलं नाही.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. मी दुकानात आणि ती घरात, असेच दिवस गेले. मग तिच्या कण्याला आजार झाला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला फळीवर उताणं निजवायला सांगितलं. कुशीवर वळायचं नाही, उशी घ्यायची नाही. हॉल हवेशीर म्हणून तिची खाट हॉलमध्ये आली. दहा महिने ती त्या छताखाली उताणी पडून होती, आणि मी तरीही दहा महिने वर बघितलं नाही.

एका सकाळी मी दुकानाला निघालो असताना तिने हाक मारली. "अहो, थोडें थांबा. एक मागूं?"

"माग की."

"हें वरचें सपाट करून द्याल? आमच्या माहेरीं माजघराला शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा आहे. शिंपल्याच्या आंतल्या बाजूसारखा. ह्या टोकांमध्यें धूळ बसते आणि डोळ्यांत पडते. मला मान वळवितां येत नाहीं. दिवसभर वाटतें, कोण्ही तरी माझ्यावर ओकायला वांकलें आहे."

मी प्रथमच तिच्या खाटेशेजारी जमिनीवर आडवा झालो आणि वर बघितलं. नऊ वर्षांची काजळी टोकाटोकांवर धरली होती. मधल्या खळग्यांत कोळ्यांची जाळी. मला स्वतःलाच तिथे पाच मिनिटं पडवेना.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना एकीकडे घेऊन विचारलं. ते म्हणाले, दिवाळी बघतील, पोंगलचं सांगता येत नाही. तेव्हा पुरट्टासीचा महिना चालू होता. दिवाळीला सहा आठवडे उरले असतील, पोंगलला साडेतीन महिने.

मी कोत्तनाराला बोलावून घेतलं. आम्ही ओट्यावर बसलो. त्याने पान जुळवलं, आत जाऊन छत बघून आला आणि म्हणाला, "टोकं छिन्नीने उडवतो. मग चुन्याचे तीन थर. होईल."

"किती दिवसांत?"

"चुना भिजायला चाळीस दिवस. मग घोटणं, लावणं, घासणं. दोन महिने धरा."

"दोन महिने नाहीत."

त्याने मला समजावून सांगितलं. भाजलेल्या शिंपल्यांवर पाणी घातलं की ते उकळतात आणि फुलतात. पण काही कण आत कच्चे राहतात. वरून मेल्यासारखे दिसतात, आत जिवंत असतात. खड्ड्यात पाण्याखाली चाळीस दिवस राहिले की मरतात. नाही मेले तर भिंतीत जाऊन बसतात आणि ओल लागली की फुगून फुटतात. "मुदलाळी, मजुरीत काय कमी करायचं ते सांगा, मी करतो. दिवसांत नको."

हे ऐकून मी थांबायला हवं होतं. पण मला समोरच्या माणसात नेमकं काय दिसतं ते सांगतो. समोरचा एक गोष्ट सोडायला तयार झाला की दुसरीही सुटणार हे मला दिसतं. बारा वर्षं दारादारांत मी हेच शिकलो होतो. मी म्हटलं, "तिरुवैयारुच्या माजघराचं काम तुझ्या बापाने केलं होतं ना? त्याला जमलं, तुला जमत नाही असं जाऊन सांगू?" वर म्हटलं, "पाऊस तोंडावर आहे. पावसात तुला कोण काम देतंय?" तो उठायला लागला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग आत खाटेकडे बोट करून म्हटलं, "तिला तूच जाऊन सांग, दोन महिने थांब म्हणून."

ते बोलायला नको होतं. पण लागू पडलं. चाळिसाचे तीस झाले, तिसाचे पंचवीस, आणि जेवणवेळेपर्यंत अठरा. उठताना तो म्हणाला, "हिरडा आणि गुळाचं पाणी मी कमी करणार नाही. आणि शेवटच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालावा लागतो. तुमच्या घरात चालत नसेल तर बाहेर मिसळून आणतो."

आतून तिचा आवाज आला, "घाला म्हणावें. मी कांहीं छत खाणार नाहीं."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? एवढा मोठा सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

चुना भिजत असतानाच छिन्न्या चालू झाल्या. तिची खाट मागच्या खोलीत हलवली होती. ती दिवसभर ठोके ऐके आणि संध्याकाळी मला विचारी, "आज कोठपर्यंत आलें?" मी सांगे, खिडकीपर्यंत, मग मधल्या हुकापर्यंत, मग दारापर्यंत. मीच हौसेने फेकवून घेतलेलं सिमेंट रोज टोपल्या भरभरून बाहेर जात होतं. अंगणात दोन बाया दगडी घाण्यात चुना घोटत बसत. अठराव्या दिवशी पहिला थर चढला. शेवटच्या थरावर कोत्तनार गुळगुळीत गोटा घेऊन तीन दिवस परांचीवर उभा राहून छत घासत होता, मान मागे टाकून, डोळे अर्धे मिटून. काम त्याने उत्तम केलं. तेही लिहिलं पाहिजे.

तिकडे असा रिवाज आहे की चुन्याचं काम संपलं की घरधन्याने ताटात विडा, धोतर आणि नारळ ठेवून ते कोत्तनाराला द्यायचं. त्याने विडा उचलला म्हणजे ते काम त्याच्या नावावर उभं राहिलं. पुढे काही झालं तर तो जबाबदार. मी ताट पुढे केलं. धोतर मुद्दाम चांगलं घेतलं होतं. त्याने ताटाला नमस्कार केला, पण हात लावला नाही. म्हणाला, "हे राहू द्या मुदलाळी. पाऊस होऊन जाऊ दे. मग येऊन घेतो."

मला वाटलं, हरलेला माणूस फुगून बसलाय. मी म्हटलं, "नको तर नको, रुसायला तू काय जावई लागून गेलास?" तो थापी धुऊन निघून गेला.

चौघांनी खाट उचलून हॉलमध्ये आणली. ती बराच वेळ वर बघत राहिली. मी वाट बघत उभा होतो, दुकानात गिऱ्हाईक भांडं हातात फिरवत असताना उभं राहावं तसा.

"किती उंच झालें," ती म्हणाली.

खरंच ते छत हातभर वर गेल्यासारखं दिसत होतं. खिडकीतला उजेड त्यावरून कडेपर्यंत जाऊन परत येत होता.

"नऊ वर्षं डोईवर बसलें होतें," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"एकदां बोललें होतें."

त्या आठवड्यात ती दुपारची झोपू लागली. माझ्याशी बोलू लागली, अशा गोष्टी की ज्या तिने कधी सांगितल्या नव्हत्या. लहानपणी कावेरीच्या घाटावर शिंपले वेचायची ते. माझी सायकल पहिल्यांदा त्यांच्या दारात आली तेव्हा तिने दाराआडून मला तिच्या आईशी भांडताना ऐकलं होतं, ते. "आईने तुम्हांला घालवून दिलें तरी तुम्ही जाईनांत," ती म्हणाली. मी दुकानातून दोनदा घरी येऊ लागलो. शेजाऱ्यांना बोलावून छत दाखवलं. तिचे भाऊ आले. त्यांनी खालून वर बघितलं, भिंतीजवळ जाऊन तिरकं बघितलं, आणि विचारलं, "चुना किती दिवस भिजविला?"

"चाळीस," मी म्हणालो.

तिने दिवस मोजले होते, तिला सगळं ठाऊक होतं. ती काही बोलली नाही.

ऐप्पसीतला, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस धरला. तिकडचा पाऊस आला की जात नाही. घरातली पापडाची डबडीसुद्धा ओलसर होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो आणि वरून 'टिच्' असा आवाज आला, नखावर नख उडवावं तेवढाच. तिच्या पांघरुणावर तांदळाएवढी कपची पडली. वर छतात बोटाचं टोक जाईल एवढा खळगा आणि मध्ये पांढरा ठिपका.

"पाल असेल," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघायचं तेवढं बघून म्हणाली, "असेल."

दुसऱ्या दिवशी पाच फुटले. तिसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. तो शिंपल्यासारखा गिलावा देवी आलेल्या तोंडासारखा दिसू लागला. ती म्हणाली, "अहो, वर एक जुनें धोतर बांधून द्या. खाटेपुरतें. मला बाकी छत दिसलें तरी पुरे."

चार खिळे आणि एक धोतर. एवढंच काम होतं. पण रविवारी तिचे भाऊ यायचे होते. चाळीस दिवस सांगून बसलेला मी, त्यांच्यासमोर नव्या छताखाली धोतर कसं बांधू? मी म्हटलं, "चार दिवस बघू. पाऊस ओसरला की थांबेल."

"चार?"

"बरं, दोन."

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला बघणारी बाई पावसातून धावत दुकानात आली. मी घरी पोचलो तेव्हा ती डोळा दाबून धरून पडली होती आणि तोंडातून आवाज काढत नव्हती. कपची सरळ उघड्या डोळ्यात पडली होती. दुसरा कुणी असता तर मान झटकली असती, बाजूला झाला असता. बाईने पाणी ओतलं होतं, खोबरेल घातलं होतं. इस्पितळात नेईपर्यंत आतल्या जिवंत चुन्याने आपलं काम केलं होतं. दोन दिवसांत तो डोळा दुधासारखा झाला.

रविवारी तिचे भाऊ भाड्याची मोटार घेऊनच आले. कुणी कळवलं मला ठाऊक नाही. त्यांनी वर बघितलं. मी तयारच होतो, त्यांनी एक शब्द काढला असता तर मी त्यांची गचांडी धरली असती. त्यांनी काढला नाही. तिला विचारलं, "काय करूं?"

"मला न्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, "माझं घर असताना तू भावाकडे जाणार? लोक काय म्हणतील?"

मग म्हटलं, "आठ दिवस दे. सगळं खरवडून काढतो. पुन्हा करतो, चांगलं करतो."

तिचा चांगला डोळा भावाकडेच होता.

"बरं, चार दिवस. वर धोतर बांधतो. आत्ता बांधतो." मी खरंच खुर्चीवर चढलो होतो. "एक दिवस तरी राहा. उद्या जा. एक दिवस."

तिने उरलेला डोळा माझ्याकडे वळवला. राग नव्हता त्यात. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. ती म्हणाली, "माझ्याशीं भाव करूं नका."

फळीसकट तिला मोटारीत सरकवलं. मी खुर्चीवर तसाच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी कोत्तनाराच्या घरी गेलो आणि त्याच्या दारात, त्याच्या माणसांसमोर, त्याला वाट्टेल ते बोललो. ठाऊक होतं तर कबूल का झालास? उठून का गेला नाहीस? मी मूर्ख होतो, तुझं तर हे पिढीजात काम! तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "मी उठलो होतो मुदलाळी. तुम्ही बसवलंत."

मग मीच त्याला म्हटलं, पुन्हा कर. या वेळी तू म्हणशील तेवढे दिवस. त्याने अंगणात नवीन खड्डा घेतला, भाजलेले शिंपले पाण्याने विझवले, वर चार बोटं पाणी उभं केलं. रोज सकाळी येऊन काठीने ढवळून जायचा. मी रोज दुपारच्या बसने तिरुवैयारुला जायचो. तिच्या माहेरच्या माजघरात तिच्याजवळ बसून सांगायचो, आज बारावा दिवस. आज एकोणिसावा. ती हुंकार द्यायची. तिचा चांगला डोळा वरच्या जुन्या गिलाव्यावर लागलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "असाच होईल बघ आपला." ती म्हणाली, "तुम्ही दमलांत. चहा घेतलांत कां?"

एकतिसाव्या दिवशी मी बसमधून उतरलो तर तिचे भाऊ घाटाच्या वाटेवर उभे होते. ते पुढे आले नाहीत. मीही पुढे गेलो नाही. तेवढ्यानेच मला कळलं.

तिचा प्राण माझ्या घरात गेला नाही. हे मला अजून गिळता येत नाही. मी बांधलेलं घर, मी कमावलेलं, आणि ती गेली ते जिथे मला एकदा दारातून हाकललं होतं त्या घरात. तिच्या भावावर माझा राग आहे. चाळीस दिवस पुरे न होता चुना लावायला कबूल झालेल्या कोत्तनारावर आहे. तो म्हणतो मी त्याला बसवलं. पण नाही म्हणायला उभं राहावं लागतं असं कोणी सांगितलं? ती तर हलू शकत नव्हती, तिने म्हटलं. म्हणून तिच्यावरही आहे. नऊ वर्षं आधी, छत ओलं होतं तेव्हा, तिने मला तेवढ्याच शांतपणे तसं म्हटलं असतं तर? मग आठवतं, एकदा म्हटलं होतं आणि त्यावर मी काय केलं.

तेराव्यानंतर कोत्तनार आला. ओट्यावर न बसता खड्ड्याजवळ जाऊन बसला. वरचं पाणी बाजूला सारून त्याने चिमूटभर चुना काढला, अंगठ्याने तळहातावर चोळला. लोण्यासारखा पसरला. एकही कण नाही.

"आता झाला," तो म्हणाला. "लावू?"

मी म्हटलं, "कुणासाठी?"

त्याने तळहातावरचा चुना परत खड्ड्यात सोडला. मग म्हणाला, एवढा चुना फुकट घालवणं बरं नाही, दुसऱ्या एका घरी काम निघालंय, तुमची हरकत नसेल तर नेतो. मी मान हलवली. कुणाचं घर ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बैलगाडी आणि पिंपं घेऊन आला, आणि त्याने तो सगळा चुना काळजीपूर्वक, वरचं पाणी न हिंदकळू देता, भरून नेला.